मोरे ते माए सोत महामार्ग: सीमेपलीकडच्या रस्त्याला आपले सरकार नेमका कोणत्या खात्यातून पैसा देते?

प्रश्न : आडत_लातूर

सर्वांना नमस्कार. लातूरच्या बाजार समितीत आमचे आडतीचे दुकान आहे आणि तूर हाच आमचा मुख्य व्यवहार आहे. गेल्या काही वर्षांत दुकानात देशी तुरीइतकाच ‘लेमन’ हा शब्द ऐकू येतो. लेमन म्हणजे म्यानमारची तूर. ती यांगूनहून जहाजाने न्हावाशेवा आणि चेन्नईला उतरते, आणि तिचा बंदरावरचा भाव विचारल्याशिवाय आमच्याकडे कोणताही डाळमिलवाला सकाळी बोली लावत नाही. २०२१ मध्ये आपल्या सरकारने म्यानमारशी करार केला आणि पाच वर्षे दरवर्षी १ लाख टन तूर व अडीच लाख टन उडीद आणण्याचे ठरले. तेव्हापासून त्या देशात काय चालले आहे याकडे आम्हाला लक्ष ठेवावेच लागते.

त्यातूनच मी भारत-म्यानमार-थायलंड त्रिपक्षीय महामार्गाविषयी वाचू लागलो. मणिपूरमधल्या मोरे गावातून निघून तामू, कलेवा, याग्यी, मोनिवा, मंडाले असा म्यानमार उभा ओलांडून म्यावड्डीला जाणारा आणि मोई नदीपलीकडे थायलंडच्या माए सोतला पोहोचणारा हा सुमारे १,३६० किलोमीटरचा रस्ता २००२ पासून चर्चेत आहे. मंडालेचे नाव आपल्याकडे लोकमान्यांच्या कारावासामुळे घरोघरी माहीत आहे. पण मंडाले आणि मोनिवा याच परिसरात तूर, उडीद आणि मूग पिकतो आणि हा रस्ता बरोबर त्याच भागातून जातो, हे मला नकाशा समोर ठेवल्यावर कळले.

२०१२ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग म्यानमारला गेले असताना २०१६ पर्यंत हा मार्ग सलग जोडण्याचे ठरले होते. जुलै २०२३ मध्ये नितीन गडकरी यांनी सुमारे ७० टक्के काम झाल्याचे सांगितले आणि त्याच महिन्यात परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी म्यानमारमधल्या परिस्थितीमुळे हा प्रकल्प फार अवघड झाल्याचे बँकॉकमध्ये सांगितले. या दोन विधानांचा मेळ कसा घालायचा, हे मला समजत नाही. दुसऱ्या देशाच्या जमिनीवरच्या रस्त्याला आपले सरकार पैसा देते, तेव्हा तो कर्ज असतो की दान, तो कोणत्या मंत्रालयाच्या खात्यात दिसतो, आणि हा रस्ता रखडला तो पैशावाचून की दुसऱ्या कशामुळे? शिवाय तो खुला झाला तर लेमन तूर ट्रकने येऊन आमच्या शेतकऱ्याचा भाव आणखी पाडेल का, ही भीतीही मनात आहे. यातले जाणकार कोणी असतील तर कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : जमाखर्च_पुणे

मी राज्य सरकारच्या बांधकाम खात्यात लेखा शाखेत ३१ वर्षे होतो, त्यामुळे रस्त्यापेक्षा रस्त्याच्या हिशेबाविषयी अधिक अधिकाराने लिहू शकतो. अशा प्रकल्पाचा एकच आकडा वर्तमानपत्रात छापून येतो आणि वाचणाऱ्याची दिशाभूल तिथेच होते, कारण तो पैसा एका खिशातला नसतो.

पहिला खिसा आपल्या हद्दीतला. इंफाळ ते मोरे हा सुमारे ११० किलोमीटरचा राष्ट्रीय महामार्ग १०२ रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो आणि त्याच्या रुंदीकरणाला आशियाई विकास बँकेच्या कर्जाची जोड आहे. हे काम आपल्याकडच्या कोणत्याही महामार्गासारखेच, म्हणजे तेच मंत्रालय आणि तेच लेखाशीर्ष.

मोरेची वेस ओलांडली की खाते बदलते. म्यानमारच्या भूमीवर भारताने दोन कामे अंगावर घेतली आहेत. तामू-किगोन-कलेवा या १४९.७० किलोमीटरच्या रस्त्यावरचे ६९ पूल त्यांच्या जोडरस्त्यांसह नव्याने बांधणे हे एक, आणि कलेवा ते याग्यी हा १२०.७४ किलोमीटरचा घाटातला रस्ता दुपदरी महामार्गाच्या दर्जाचा करणे हे दुसरे. पुलांसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने ३७१.५८ कोटी रुपये मंजूर केले होते आणि कलेवा-याग्यीचे कंत्राट सुमारे १,१७७ कोटींचे होते. हा सगळा पैसा परराष्ट्र मंत्रालयाचा आहे आणि तो अनुदान म्हणून दिला आहे, म्हणजे म्यानमारने तो परत करायचा नाही. भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण या कामात तांत्रिक देखरेख करते, निविदा काढते आणि देयके तपासते, म्हणून अनेकांना तो गडकरींच्या मंत्रालयाचा खर्च वाटतो. प्रत्यक्षात प्राधिकरण इथे परराष्ट्र मंत्रालयाच्या वतीने काम करते.

कर्जाचा मार्गही आहे, पण तो वेगळा. निर्यात-आयात बँक दुसऱ्या देशाला पतमर्यादा देते, केंद्र सरकार तिच्या मागे हमी आणि व्याजातली सवलत घेऊन उभे राहते आणि घेणारा देश हप्त्याने फेड करतो. म्यानमारला २०१२ मध्येच अशी ५० कोटी डॉलरची पतमर्यादा देण्याचे ठरले होते. आपण विचारलेले दोन टप्पे मात्र त्यात बसवलेले नाहीत, हे लक्षात ठेवावे.

उरलेला रस्ता आपल्या पैशाचा नाही. याग्यी ते मोनिवा म्यानमारने स्वतः करायचे होते. दक्षिणेकडे म्यावड्डी ते कॉकरेक हा डोंगरातला टप्पा थायलंडने आपल्या पैशाने बांधून दिला आणि कॉकरेक ते आइंदू या टप्प्यासाठी आशियाई विकास बँकेने २०१५ मध्ये म्यानमारला १० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. म्हणून ७० टक्के काम झाले असे कोणी म्हणतो, तेव्हा त्यात या सगळ्यांनी बांधलेले रस्ते धरलेले असतात.

आता अडचण पैशाची आहे का, हा आपला खरा प्रश्न. परराष्ट्र मंत्रालयाच्या अर्थसंकल्पात परदेशांना द्यायच्या मदतीत म्यानमारची एक ओळ असते. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात तिथे २५० कोटी आणि २०२५-२६ मध्ये ३५० कोटी रुपये दाखवले होते, आणि त्यात हा महामार्ग, कलादान प्रकल्प (म्यानमारच्या सितवे बंदरातून नदीने आणि रस्त्याने मिझोरामला जोडणारा मार्ग) व इतर सर्व कामे आली. भूतानची तरतूद याच काळात २,००० कोटींच्या वर होती. तरतूद लहान दिसते, पण ती लहान आहे म्हणून काम अडले असा निष्कर्ष काढू नये. काम जागेवर झाले, मोजमाप वहीत चढले, अभियंत्याने प्रमाणित केले, तरच देयक निघते. देयक नसेल तर ३१ मार्चला तरतूद परत जाते आणि पुढच्या वर्षीची मागणी आपोआप आकसते. आपण ज्याला ‘निधीअभावी रखडले’ म्हणतो, ते पुष्कळदा ‘रखडले म्हणून निधी उचलला गेला नाही’ असे असते.

आपल्याकडच्या सिंचन प्रकल्पांमुळे ‘सुप्रमा’, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, हा शब्द महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. तेच इथेही घडते. कलादानचे उदाहरण पाहा. २००८ मध्ये म्यानमारशी करार झाला तेव्हा त्या प्रकल्पाची किंमत ५३५.९१ कोटी धरली होती. २०१५ मध्ये मंत्रिमंडळाला २,९०४.०४ कोटींची सुधारित मान्यता द्यावी लागली. नदीवरचा धक्का दुसरीकडे हलवल्यामुळे पुढचा रस्ता ६२ किलोमीटरऐवजी १०९ किलोमीटरचा झाला, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. परक्या भूमीवर सर्वेक्षण अपुरे राहिले की अंदाजपत्रक असे चुकते, आणि ती किंमत अखेर आपल्यालाच मोजावी लागते.

उत्तर : काळी_माती_यवतमाळ

जमाखर्च साहेबांनी सगळे नीट उलगडून सांगितले, त्याबद्दल आभार. तरीही मला एक गोष्ट मोकळेपणाने मांडायची आहे. माझ्या शेताकडे जाणारा पाणंद रस्ता दोन किलोमीटरचा आहे. पावसाळ्यात त्यावर बैलगाडीसुद्धा जात नाही. सोयाबीन काढले की कट्टे डोक्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागतात आणि त्या मजुरीतच क्विंटलमागचा नफा निघून जातो. मातोश्री शेत-पाणंद योजनेत आमच्या गावाचा प्रस्ताव गेला, त्यावर मोजणी झाली, आणि पुढे काय झाले ते आजतागायत कोणी सांगितलेले नाही. अशा वेळी परक्या देशात १,१७७ कोटींचा रस्ता अनुदान म्हणून बांधला जातो हे वाचले की मनाला लागते. शेजाऱ्याशी संबंध ठेवू नयेत असे मी म्हणत नाही, पण तो रस्ता झाला तरी उपयोग कोणाला, आणि नाही झाला तर जाब कोणाला विचारायचा, एवढे तरी समजले पाहिजे.

उत्तर : घाटरस्ता_सातारा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी सीमा रस्ते संघटनेत कनिष्ठ अभियंता होतो आणि तामू-कलेम्यो-कलेवा रस्त्याच्या कामावर दोन हंगाम काढले. ‘मैत्री मार्ग’ म्हणून जो १६० किलोमीटरचा रस्ता तत्कालीन परराष्ट्रमंत्री जसवंत सिंह यांनी १३ फेब्रुवारी २००१ रोजी खुला केला, तोच हा. काळी मातीवाल्या भाऊंचा प्रश्न मला योग्य वाटतो आणि त्याचे उत्तर त्या रस्त्यावरच मिळते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आम्ही खडी, डांबर, मोऱ्या, संरक्षक भिंती अशी रस्त्याची कामे केली. वाटेतले पूल मात्र तसेच राहिले. ते बहुतेक दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले किंवा त्याच धर्तीचे बेली पूल होते: लोखंडी जाळीच्या चौकटी खिळींनी एकमेकींना जोडायच्या आणि वर लाकडी फळ्या टाकायच्या. अशी एक चौकट दहा फूट लांब आणि पाच फूट उंच असते, वजन अडीचशे किलोच्या वर, आणि ती उचलायला सहा माणसे लागतात. युद्धात एका रात्रीत पूल उभा करण्यासाठी ती रचना केलेली; तिच्यावरून पन्नास-साठ वर्षे मालवाहतूक जाईल असे कोणी धरलेले नव्हते. भरलेला ट्रक पुलावर चढला की फळ्या एकामागून एक खडखडत आणि तो पलीकडे गेला की आमचा मुकादम पान्हा घेऊन सैल झालेले बोल्ट आवळत जाई. पूल एकपदरी असल्यामुळे समोरून दुसरी गाडी आली तर कोणीतरी मागे जायचे, असा रिवाज होता. पाऊस लागला की जूनपासून सप्टेंबरपर्यंत डोंगर रस्त्यावर येई आणि बुलडोझर घेऊन आम्ही मलबा ढकलत बसू.

त्यामुळे २००१ मध्ये रस्ता उत्तम झाला, पण त्यावरून जाऊ शकणारे वजन सर्वांत कमजोर पुलाने ठरवले. रस्त्याच्या बाबतीत ७० टक्के या आकड्याला फारसा अर्थ नाही, असे मी म्हणतो ते याच अनुभवावरून. १३० किलोमीटर गुळगुळीत असले आणि एका ओढ्यावरचा पूल आठ टनांच्या वर झेपणारा नसला, तर संपूर्ण रस्ता आठ टनांचाच. त्या पुलांच्या नूतनीकरणाचे ठरायला २०१२ साल उजाडले, म्हणजे रस्ता खुला झाल्यावर ११ वर्षे गेली.

अनुदानातल्या रस्त्याची दुसरी दुखरी बाजू देखभाल ही आहे. रस्ता बांधण्याला मंजुरी मिळते, फीत कापली जाते, छायाचित्रे निघतात. पुढे दरवर्षी खड्डे बुजवणे, गटारे मोकळी ठेवणे, दरडी काढणे याला कोण पैसा देणार, हे करारात धूसर राहते. २००९ पर्यंत देखभाल आपल्याकडे होती, नंतर रस्ता म्यानमारच्या ताब्यात दिला. घाटातला रस्ता तीन पावसाळे कोणी हात लावला नाही तर खराब होतो, हे सह्याद्रीत राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागू नये. माझ्या मते प्रत्येक अनुदानित रस्त्याच्या अंदाजपत्रकात निदान दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम वेगळी बांधून ठेवली पाहिजे, मग किंमत जास्त दिसली तरी चालेल. ती आधी दाखवली नाही म्हणून वाचत नाही, नंतर पुन्हा बांधणीच्या रूपाने येते.

आणखी एक बारकी गोष्ट, जिच्याकडे चर्चेत कोणाचे लक्ष जात नाही. भारत आणि थायलंडमध्ये वाहने डाव्या बाजूने चालतात, म्यानमारमध्ये १९७० पासून उजव्या बाजूने. म्हणजे मोरेहून निघालेल्या ट्रकने तामूला बाजू बदलायची आणि माए सोतला पुन्हा बदलायची. त्यासाठी नाक्यावर तशी रचना लागते, चालकांना सराव लागतो, आणि मुळात आपला ट्रक पलीकडे जाऊ शकेल असा तिन्ही देशांचा मोटार वाहन करार लागतो. त्या कराराची बोलणी वर्षानुवर्षे चालली आहेत, सह्या झालेल्या नाहीत. तोपर्यंत रस्ता कितीही चांगला झाला तरी माल सीमेवर उतरवायचा आणि पलीकडच्या गाडीत चढवायचा, हे टळत नाही.

उत्तर : शिरुई_लिली

मी ११ वर्षे इंफाळमध्ये शिक्षिका होते, आता नाशिकला असते. वरच्या चर्चेत मोरे हे नाव एका टोकाचा बिंदू म्हणून आले आहे, म्हणून त्या गावाविषयी लिहावेसे वाटते.

इंफाळहून शेअर गाडीने निघाले की पल्लेलपर्यंत भातशेतीचा सपाट प्रदेश लागतो आणि मग तेंगनौपालचा चढ सुरू होतो. वाटेत आसाम रायफल्सच्या नाक्यांवर सगळ्यांना उतरवून पिशव्या तपासत. मोरेला पोहोचले की पहिल्यांदा जाणारा माणूस चकित होतो, कारण तिथे तमिळ मंडळींची वस्ती आहे. १९६० च्या दशकात ब्रह्मदेशातून बाहेर पडावे लागलेली ही कुटुंबे परतीच्या आशेने सीमेवर थांबली आणि तिथलीच झाली. त्यांच्या खानावळीत डोसा खायचा, मंदिरावरून पुढे जायचे आणि दोन नंबरच्या दारातून पलीकडच्या नाम्फालोंग बाजारात शिरायचे, हा आमचा सुटीचा ठरलेला बेत असे. सकाळी दार उघडले की संध्याकाळी ते बंद होण्याआधी परत यायचे. चादरी, चपला, छत्र्या, प्लॅस्टिकची भांडी, सगळे डोक्यावरून आणि हातगाड्यांवरून इकडे येत असे. ट्रक सीमा ओलांडताना मी एकदाही पाहिला नाही. घाटरस्ता काका म्हणतात तो मोटार वाहन करार नसल्याचा परिणाम असा डोळ्यांना दिसत होता, फक्त मला तेव्हा त्याचे कारण ठाऊक नव्हते.

मोरेला एकात्मिक तपासणी नाका बांधला गेला आणि जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मोठी गोदामे, वजनकाटे, वाहनतळ, सगळे आहे. पुढच्याच वर्षी साथीमुळे दारे बंद झाली. १ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली, आणि तामूपासून कलेम्योपर्यंतचा सगाइंग प्रांत हा लष्कराविरुद्धच्या सशस्त्र प्रतिकाराचा एक मुख्य प्रदेश बनला. म्हणजे ज्या दोन टप्प्यांना आपला पैसा लागला, ते नेमके लढाईच्या तोंडावर आले. मग ३ मे २०२३ पासून मणिपूरमध्ये हिंसाचार सुरू झाला. मोरेतली घरे जळाली, माझ्या एका विद्यार्थिनीच्या कुटुंबाला एका रात्रीत गाव सोडावे लागले, आणि इंफाळ-मोरे रस्त्यावर गाडी कोणत्या समाजाचा माणूस चालवतो आहे यावर ती पुढे जाणार की नाही हे ठरू लागले. जो ११० किलोमीटरचा टप्पा पूर्णपणे आपल्या हद्दीत आहे आणि ज्याचा पैसा आपल्याच मंत्रालयाने दिला, तोच असा दुभंगला. पलीकडे काय अडले आहे हे विचारण्याआधी हेही पाहिले पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने म्यानमार सीमेवरची मुक्त संचाराची व्यवस्था, म्हणजे सीमेलगतच्या लोकांना व्हिसाविना ये-जा करण्याची मुभा, रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला आणि १,६४३ किलोमीटरच्या संपूर्ण सीमेवर कुंपण घालण्याचे ठरवले. सुरक्षेची कारणे मी नाकारत नाही, त्या भीतीत मी स्वतः राहिले आहे. पण एका खात्यातून कुंपणाला आणि दुसऱ्या खात्यातून त्याच सीमेवरच्या महामार्गाला पैसा जातो, तेव्हा दोन्ही खात्यांनी एकत्र बसून सीमेवरच्या बाजारहाटाचे काय होणार हे लोकांना सांगितले पाहिजे. तांगखुल, कुकी, मैतेई, तमिळ, पलीकडचे शान आणि बर्मी, या सगळ्यांची चूल त्या दारावर चालत होती.

उत्तर : काळी_माती_यवतमाळ

शिरुई ताई, तुमचे वाचून मी आधी जे लिहिले त्याचा सूर थोडा बदलावासा वाटतो. पाणंद रस्त्याची माझी तक्रार आहे तशीच आहे, पण तो पैसा म्यानमारला गेला म्हणून माझा रस्ता झाला नाही, असे मी धरून चाललो होतो. जमाखर्च साहेब, यात कितपत तथ्य आहे?

उत्तर : जमाखर्च_पुणे

थेट संबंध नाही. २०२५-२६ मध्ये एकट्या रस्ते वाहतूक मंत्रालयाची तरतूद सुमारे २ लाख ८७ हजार कोटी होती. तिच्यापुढे म्यानमारचे ३५० कोटी ही फार लहान रक्कम आहे आणि पाणंद रस्ते तर राज्याच्या आणि रोजगार हमीच्या निधीतून होतात. तेवढ्याने आपला प्रश्न खोडला जात नाही, हेही मी मान्य करतो. अनुदान दिलेला प्रत्येक रुपया करदात्याचा आहे आणि त्याचा जाब विचारण्याची जागा संसदेत आहे: परराष्ट्र मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या स्थायी समितीपुढे जातात, समितीचा अहवाल सभागृहात ठेवला जातो आणि तो कोणालाही वाचता येतो. आपल्या खासदाराने कलेवा-याग्यीविषयी तारांकित प्रश्न विचारला, तर मंत्र्याला सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्नही विचारता येतात.

एक फरक मात्र ध्यानात घ्यावा. पाणंद रस्ता रखडला तर आपण ग्रामसेवकापासून पालकमंत्र्यांपर्यंत जाऊ शकतो. सीमेपलीकडे कंत्राटदाराच्या छावणीवर हल्ला झाला किंवा नदीवरचा पूल पाडला गेला, तर आपले सरकार म्यानमारच्या सरकारशी बोलते आणि त्या सरकारचा त्या भागावर ताबाच नसतो. कलादानच्या रस्त्याचे तेच झाले. पलेत्वा हे गाव जानेवारी २०२४ मध्ये अराकान आर्मी या म्यानमारच्या लष्कराशी लढणाऱ्या सशस्त्र गटाच्या हाती गेले. सितवे बंदर त्याआधी मे २०२३ मध्ये सुरू झाले होते आणि कोलकात्याहून १,००० टन सिमेंट घेऊन पहिले मालवाहू जहाज तिथे लागलेही होते; पण बंदरातून नदीने पलेत्वापर्यंत आणि तिथून रस्त्याने मिझोरामला माल आणायचा तर मधला सगळा प्रदेश ज्याच्या हाती आहे, त्याच्याशी बोलावे लागते. अंदाजपत्रकात ‘अनपेक्षित खर्च’ म्हणून जे दोन-चार टक्के धरलेले असतात, त्यात हे मावत नाही. म्हणून आडत_लातूर यांच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे: पैसा मंजूर होता, ही कामे अडली ती जागेवरच्या अशांततेने, आणि त्याआधी पुलांचा व देखभालीचा विचार उशिरा झाल्याने.

प्रतिसाद : आडत_लातूर

सर्वांचे मनापासून आभार. घाटरस्ता साहेबांचा पुलाचा मुद्दा मी दुकानात वाचून दाखवला. आमच्याकडेही तेरणेवरच्या एका जुन्या अरुंद पुलामुळे भरलेले ट्रक वळसा घालून येत असत, त्यामुळे तो सगळ्यांना लगेच पटला. शिरुई ताईंनी लिहिलेले मात्र कोणालाच माहीत नव्हते.

तुरीचा प्रश्न राहिला. रस्ता कधीकाळी पूर्ण झालाच, तर मोनिवाची तूर मोरेमार्गे लातूरपर्यंत येईल का? आमच्या शेतकऱ्यांना मी काय सांगू?

उत्तर : जमाखर्च_पुणे

भाड्याचा हिशेब करून पाहा. मोनिवा ते मोरे हे अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर, पण मोरे ते लातूर हे गुवाहाटी, सिलिगुडी, नागपूर असे तीन हजार किलोमीटरच्या आसपास भरते. घाटातून येणारा ट्रक आणि यांगूनहून निघालेले जहाज यांत टनामागचे भाडे जहाजाचेच कमी पडणार. त्यामुळे महाराष्ट्राच्या बाजारात लेमन आजच्यासारखीच बंदरातून येत राहील. रस्त्याचा फायदा झालाच तर तो मणिपूर, नागालँड, आसामच्या ग्राहकाला होईल, ज्याला आज डाळ मुख्य भूमीवरून लांबच्या ट्रकभाड्यासह घ्यावी लागते. आपल्या शेतकऱ्याचा भाव रस्त्याने ठरत नाही. तूर शुल्कमुक्त आणायची की नाही, किती काळ, आणि हमीभावाने खरेदी केंद्रे वेळेवर उघडतात की नाही, यावर तो ठरतो. २०२१ मध्ये तुरीची आयात खुली केली गेली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवली गेली. आपल्या शेतकऱ्यांना लक्ष ठेवायचे असेल तर त्या अधिसूचनेच्या तारखेवर ठेवायला सांगा.

आणि रस्त्यावर लक्ष ठेवायचे असेल तर दर १ फेब्रुवारीला परराष्ट्र मंत्रालयाच्या मागणीतली म्यानमारची ओळ काढून तिचे आकडे एका वहीत उतरवून ठेवा: गेल्या वर्षीचा अंदाज, सुधारित अंदाज आणि त्याआधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च. प्रत्यक्ष खर्च अंदाजाच्या बराच खाली असेल, तर त्या वर्षी त्या ओळीतली कामे मागे पडली असे धरायला हरकत नाही, मग भाषणात टक्केवारी काहीही सांगितलेली असो.